कल्याणच्या मुशीत रोमची चांदी

नाणी जमवणाऱ्या माणसाला बहुधा आपल्या परिसराचे नाणे हवे असते. नाशिकचा संग्राहक सातवाहनांच्या मागे असतो, ठाण्याचा शिलाहारकाळात चालणारी गधैया नाणी शोधतो. कल्याण-डोंबिवलीचा संग्राहक चार पुस्तके वाचू लागला की त्याला आणखी एक ओढ लागते. त्याला रोमन सम्राटाचे चांदीचे नाणे हवे असते, आणि तेही कल्याणच्या बंदरात उतरलेले. ही ओढ अकारण नाही. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचे नाव आहे. घारापुरीला आणि नेवाशाला रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली. मग जिथे जहाजे येत होती तिथे नाणी का नसावीत?

प्रश्न रास्त आहे. पण भारतात रोमन चांदीचे मोठे निखात कोठे सापडले याचा नकाशा काढला, तर कोकणचा उत्तर भाग जवळजवळ कोरा राहतो. ठिपके दाटतात ते खाली दक्षिणेत, कोइमतूरच्या परिसरात आणि आंध्र-तेलंगणात. नळगोंडा जिल्ह्यातल्या अक्कनपल्ली येथे एकाच ठिकाणी दीड हजारांवर रोमन चांदीची नाणी मिळाली. आपल्याकडे तसे काही नाही. या कोऱ्या जागेचा अर्थ काय, हा या लेखाचा विषय आहे. माझे म्हणणे असे की रोमची चांदी आपल्याकडेही आली, भरपूर आली. ती आज आपल्याला दुसऱ्या राजाचा चेहरा घेऊन भेटते, म्हणून आपण तिला ओळखत नाही.

पेरिप्लसचा साक्षीपुरावा

‘पेरिप्लस’ हा ग्रंथ इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने साधारण पहिल्या शतकाच्या मध्यावर लिहिला. त्याचे नाव आपल्याला माहीत नाही, पण माणूस व्यवहारी होता. कोणत्या बंदरात काय खपते, काय मिळते, कोठे गाळ आहे, एवढेच तो सांगतो. कल्याणला तो ‘कल्लिएना’ म्हणतो. थोरल्या सारागनसच्या काळी ते कायदेशीर व्यापारपेठ होते, पण सांदनेसच्या ताब्यात गेल्यापासून तिथे फार अडथळे आले आहेत, आणि एखादे ग्रीक जहाज चुकून तिकडे गेलेच तर ते पहारा बसवून बारिगाझाला नेले जाते, असे तो नोंदवतो. बारिगाझा म्हणजे भडोच. सारागनस हा कोणी सातकर्णी असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात.

कोकणचा किनारा कोणाचा, यावरून सातवाहन आणि क्षहरात क्षत्रप यांच्यात झगडा चालू होता. क्षत्रपांना भडोच वाढवायचे होते, म्हणून त्यांनी कल्याणचा व्यापार तिकडे वळवला. म्हणजे रोमन माल आणि रोमन पैसा प्रथम उतरणार तो भडोचला. तिथल्या आयात मालाच्या यादीत पेरिप्लसकार मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे अशा वस्तूंबरोबर सोन्याची आणि चांदीची रोमन नाणी घालतो, आणि पुढे एक वाक्य जोडतो: इथल्या चलनाशी यांची अदलाबदल केली की नफा होतो.

आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या वाक्यात आहे. नाणे माल म्हणून उतरत होते. ते इथल्या बाजारात हातोहात फिरण्यासाठी आलेले नव्हते. ते देऊन इथले चलन घ्यायचे होते. मग प्रश्न असा उरतो की इथले चलन कोणते, आणि त्या बदल्यात घेतलेल्या रोमन नाण्यांचे पुढे काय झाले?

दोन नाणी शेजारी ठेवून

रोमन चांदीच्या नाण्याला देनारियस म्हणत. आपण त्याला रोमन दिनार म्हणू. भारतात सर्वांत जास्त मिळतात ते दोन प्रकारचे दिनार. एक ऑगस्टसचा, ज्याच्या मागे गायस आणि लुसियस हे त्याचे दोन दत्तक वारस ढाली-भाल्यांसह उभे आहेत. दुसरा टायबेरियसचा, मागे हातात राजदंड आणि डहाळी घेऊन बसलेली स्त्री. वजन सुमारे ३.९ ग्रॅम, चांदी जवळजवळ शुद्ध. इसवी सन ६४ मध्ये नीरोने दिनारचे वजन सुमारे ३.४ ग्रॅमवर आणले आणि चांदीत भेसळ वाढवली. भारतातल्या चांदीच्या निखातांत नीरोच्या या बदलाआधीचीच नाणी प्रामुख्याने दिसतात. हलके नाणे इथे चालवून घेतले जात नव्हते असा याचा अर्थ. भारतीय व्यापारी सम्राटाचे नाव वाचत नव्हता, तो तराजू वाचत होता.

आता दुसरे नाणे. क्षहरात नहपानाचा चांदीचा द्रम्म. बोटाच्या पेराएवढा, वजन साधारण सव्वादोन ग्रॅमच्या आतले. पुढे उजवीकडे पाहणारा राजाचा मुखवटा, भोवती ग्रीक लिपीतली अक्षरे. भाषा मात्र प्राकृत. ग्रीक अक्षरांत ‘रञ्ञो क्षहरातस नहपानस’ असाच मजकूर बसवलेला. मागे बाण आणि वज्र, आणि तोच मजकूर ब्राह्मी व खरोष्ठीत. तीन लिप्या मिरवणारे हे नाणे पाहिले की भडोचच्या धक्क्यावरची गर्दी डोळ्यांपुढे येते.

१९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावी नहपानाच्या नाण्यांचा प्रचंड साठा निघाला. एच. आर. स्कॉट यांनी त्यांतली सव्वातेरा हजारांहून अधिक नाणी तपासून १९०८ मध्ये त्यावर लिहिले. त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा चैत्य, मागच्या बाजूला उज्जैन चिन्ह, आणि ‘रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’ ही अक्षरे. हरलेल्या राजाचे चलन जिंकलेल्या राजाने वितळवले नाही, त्यावर आपली मोहोर उमटवून पुन्हा बाजारात सोडले. क्षहरातांचा पराभव झाला हे आपल्याला नाशिकच्या लेखातून कळते. तो कसा अमलात आला हे या नाण्यांवर दिसते.

इतकी चांदी आली कोठून? हे एक निखात, एका राजाचे, एका गावचे. सापडले नाही किंवा सापडून मुशीत गेले ते वेगळेच. आणि पश्चिम भारतात एवढे चलन पुरवील असे चांदीचे समृद्ध साधन नाही. म्हणून अनेक अभ्यासकांनी असे सुचवले आहे की क्षत्रपांच्या टांकसाळीला कच्चा माल पुरवला तो रोमन दिनारांनी. हा पुरावा परिस्थितिजन्य आहे. वितळलेल्या चांदीवर गावाचे नाव राहत नाही. पण भडोचची आयात, तिथला नफा, दक्षिणेतले निखात, इथला कोरा नकाशा आणि नहपानाची हजारो नाणी, या पाच गोष्टी एका ओळीत मांडल्या तर दुसरे उत्तर इतक्या सहज जुळत नाही. दक्षिणेत अशी चांदीची नवी राजमुद्रा पाडणारी सत्ता त्या काळी नव्हती, म्हणून तिथे रोमन नाणे रोमन रूपातच साठवले गेले, जमिनीत पुरले गेले आणि आपल्यापर्यंत पोचले.

उषवदाताचा हिशेब

नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांत त्याने केलेल्या दानधर्माची यादी आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आपले नालासोपारे, येथे त्याने धर्मशाळा बांधल्या. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि डाहाणुका या नद्यांवर त्याने फुकट तरी ठेवल्या. सोपारा ते डहाणू हा आजच्या पश्चिम रेल्वेचा पट्टा त्याच्या हिशेबवहीत आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे त्याने दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक दराने आणि दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार कार्षापण पाऊण टक्क्याने ठेवले. त्या व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंना वस्त्रे मिळावीत अशी सोय केली.

या लेखातला एक हिशेब नाणकशास्त्राला अमोल आहे. सत्तर हजार कार्षापणांचे दान सांगून लेख पुढे खुलासा करतो की पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणजे हे दोन हजार सुवर्ण झाले. कार्षापण म्हणजे नहपानाचेच चांदीचे नाणे असे मानतात. सुवर्ण म्हणजे नेमके कोणाचे सोन्याचे नाणे, कुषाणांचे की रोमन, यावर वाद आहे. पण दोन्हींचे वजन आठ ग्रॅमच्या आसपासच जाते. तेव्हा गणित मांडून पाहू. पस्तीस गुणिले २.२ म्हणजे ७७ ग्रॅम चांदी. आठ ग्रॅम सोन्याला ७७ ग्रॅम चांदी, म्हणजे एका भाराला दहाच्याही किंचित खाली.

रोममध्ये एका सोन्याच्या नाण्याला पंचवीस दिनार मिळत. नीरोच्या आधीच्या वजनाने पंचवीस दिनार म्हणजे साडेसत्त्याण्णव ग्रॅम चांदी, आणि सोन्याचे नाणे आठ ग्रॅमला थोडे कमी. म्हणजे एका भाराला बारा. तेवढेच सोने घ्यायला रोममध्ये बारा भार चांदी लागत असे आणि गोवर्धनात दहा. चांदीला आपल्याकडे भाव जास्त होता. झिजलेली नाणी, सुवर्णाच्या वजनातला फरक, हे सारे धरून आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण कल बदलत नाही. पेरिप्लसकार नफा सोने आणि चांदी दोन्हींवर सांगतो. सोन्यावरच्या नफ्याचे कोडे या हिशेबाने सुटत नाही. चांदीचे मात्र सुटते. आणि नीरोने दिनार हलका केल्यावर हा फरक आकसला, म्हणून त्यानंतरची चांदी इकडे कमी दिसते, हेही त्यातून समजते.

रोमन लेखकांना या ओघाची चिंता वाटत होती. भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स काढून घेतो, असे थोरल्या प्लिनीने लिहिले. एका दिनारचे चार सेस्टर्स, म्हणजे सव्वा कोटी दिनार. आकडा नैतिक उपदेशाच्या भरात फुगवलेला असू शकतो. पण तक्रार करण्याजोगे काहीतरी घडत होते, एवढे खरे.

कान्हेरीतला सोनार

या सगळ्या व्यवहारात राजे आहेत, जहाजमालक आहेत. प्रत्यक्ष मूस तापवणारा माणूस कोठे आहे? तो कान्हेरीला भेटतो. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे अनेक लेख आहेत. त्यांतला एक अगदी छोटा आहे: कल्याणचा सुवण्णकार सामिदत याने पाण्याची पोढी दान दिली. बस, एवढेच. सामिदत म्हणजे स्वामिदत्त. कल्याणच्या या सोनाराची ऐपत कातळात टाके खोदून देण्याइतकी होती.

सामिदताने रोमन दिनार वितळवले असे कोणत्याही शिलालेखात लिहिलेले नाही, आणि मीही तसे म्हणणार नाही. पण परक्या देशाचे नाणे हाती आले की ते कस लावून, तोलून, वितळवून इथल्या रूपात आणणे हे काम ज्या धंद्याचे, त्या धंद्यातला कल्याणचा एक माणूस नावानिशी आपल्याला ठाऊक आहे. भडोचच्या टांकसाळीत पडलेले द्रम्म उषवदाताच्या दानातून, विणकरांच्या व्याजातून, नाणेघाटाच्या चढणीने येणाऱ्याजाणाऱ्या मालातून कल्याणच्या पेठेत येत राहिले. मुशीत शिरण्यापूर्वी त्यांतल्या काही चांदीवर टायबेरियसचे नाक असेल. बाहेर आली तेव्हा तिला नहपानाचे नाक होते, आणि काही वर्षांनी त्या नाकावर गौतमीपुत्राचा चैत्य बसला.

नाणे गेले, शब्द मात्र टिकला. देनारियसचा ‘दीनार’ झाला आणि गुप्तकाळातल्या लेखांत तो सोन्याच्या नाण्याला लागला. ग्रीक द्राख्मेचा द्रम्म झाला, शिलाहारांच्या कोकणातल्या लेखांत तो चालतो, आणि त्याचाच ‘दाम’ आजही आपल्या तोंडी आहे. ‘दाम करी काम’ म्हणताना आपण एक ग्रीक नाणे खुळखुळवत असतो.

संग्राहकापुढचा प्रश्न

हे सगळे मी लिहितो आहे ते आजच्या संग्राहकासाठी. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात नाणी जमवणारी माणसे पुष्कळ आहेत: बँकेत, रेल्वेत, शाळांत नोकरी करणारी, निवृत्त, आणि आता विशीतली मुलेही. नाण्यांच्या प्रदर्शनात त्यांच्यापुढे टायबेरियसचा दिनार येतो आणि विक्रेता हळूच सांगतो, “हा आपल्याकडेच सापडलेला.” या एका वाक्याने किंमत वाढते. परदेशात या नाण्याला बायबलमधल्या कराच्या नाण्यामुळे वेगळी मागणी आहे, त्यामुळे किंमत मुळातच चढी असते. त्याच्या ओतीव नकलाही पुष्कळ. कडेवर साच्याची शिवण, पृष्ठभागावर बारीक बुडबुडे, साबणासारखी गुळगुळीत अक्षरे आणि चुकलेले वजन, या चार गोष्टी भिंगातून पाहिल्याशिवाय पाकिटाला हात घालू नये. शिवाय प्राचीन काळीच भारतात पाडलेल्या नकला आहेत, ज्यांवरची अक्षरे अर्थहीन रेघोट्या झालेली असतात. त्या मात्र बनावट समजून फेकू नयेत. रोमन नाण्याला इथे किती पत होती याचा तो पुरावा आहे.

पण खोट्या नाण्यापेक्षा खोटे किंवा हरवलेले ठिकाण जास्त नुकसान करते. दिनार खरा आहे, हे तज्ज्ञ सांगू शकतो. तो कोठे सापडला हे नाणे स्वतः सांगत नाही. “आपल्याकडे” म्हणजे कल्याणात, कोइमतूरला की युरोपातल्या लिलावातून आलेल्या पाकिटात? वर मांडलेला सगळा युक्तिवाद ठिकाणांच्या नकाशावर उभा आहे. एक दिनार खरोखर कल्याणच्या खाडीकाठी मिळाला असेल आणि विक्रीसाठी त्याचे गाव पुसले गेले असेल, तर त्या कोऱ्या नकाशावरचा एक खरा ठिपका कायमचा गेला. आणि दक्षिणेतला दिनार कल्याणचा म्हणून खपला, तर एक खोटा ठिपका बसला.

याउलट ठिकाण कळले की क्षुल्लक नाणेही किती बोलते, याचे उदाहरण आपल्या लोकलच्या अंतरावर आहे. जुनागडला जन्मलेले, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी देशभर हिंडून शिलालेखांचे ठसे घेणारे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप खणला. आतल्या दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, बुद्धमूर्ती, भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे एक नाणे होते. बाजारात ते एका चांदीच्या नाण्याएवढ्या मोलाचे. स्तूपात मिळाल्यामुळे त्याने स्तूपाच्या काळावर प्रकाश पाडला. क्षत्रपांच्या नाण्यांवर भगवानलालांनी केलेले काम त्यांच्या मृत्यूनंतर १८९० मध्ये रॅप्सन यांनी प्रसिद्ध केले, आणि आजही त्या विषयाची सुरुवात तिथून करावी लागते.

दुसरे उदाहरण तेरचे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावच्या पांढरीतून निघालेल्या वस्तू वर्षानुवर्षे वेचल्या, आणि आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तिथे उभे आहे. तेर म्हणजे पेरिप्लसमधले तगर. तिथे रोमन नाण्यांचे ठसे मातीत उठवून केलेली, गळ्यात घालण्याजोगी पदके मिळाली आहेत. चांदी नाही, सोने नाही, माती. पण ती तेरची आहेत हे पक्के ठाऊक असल्याने, तगरच्या एखाद्या सामान्य माणसाने रोमन सम्राटाचे मुंडके हौसेने गळ्यात मिरवले होते, हे आपण म्हणू शकतो.

कायदाही इथे आडवा येत नाही, उलट मदतच करतो. १८७८ च्या निखातनिधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. त्याचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. लोकांना भीती वाटते की कळवले की सरकार घेऊन जाईल. घेऊन गेले तरी संग्रहालयाच्या वहीत गावाचे नाव लिहिले जाते. सोनाराकडे गेले तर वजन तेवढे उरते.

मग संग्राहकाने काय जमवावे? माझे उत्तर सोपे आहे. कल्याणचा रोमशी असलेला संबंध हातात धरायचा असेल, तर परवानाधारक विक्रेत्याकडून पश्चिमी क्षत्रपांचा एक साधा द्रम्म घ्यावा. तो टायबेरियसच्या दिनारपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो. आणि तो कोठून आला, कोणाकडून आला, किती साली, किती वजनाचा, हे पाकिटावर आपल्या हाताने लिहावे. माहिती नसेल तर ‘ठिकाण अज्ञात’ असे लिहावे. तोही प्रामाणिक नोंदीचाच भाग आहे. अशा शंभर पाकिटांचा संग्रह उद्या कोणा अभ्यासकाच्या हाती पडला, तर तो त्यातून नकाशा काढू शकेल. नुसत्या शंभर चकचकीत नाण्यांतून तो फक्त किंमत काढू शकेल.

रोमची चांदी कल्याणच्या पेठेत एकदा मुशीत गेली, तेव्हा तिचा चेहरा पुसला गेला. त्याला इलाज नव्हता. त्या काळी तो व्यवहारच तसा होता. उरलेल्या नाण्यांचे गाव पुसणे मात्र आपल्या हातात आहे, आणि न पुसणेही.